खाडीवरचा एकच पूल: 'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये कोकणी नकाशावर वाहतूक कशी आखायची

आंबेबंदरची वस्ती चाळीस हजारांच्या पुढे गेली आणि शहर ठप्प झालं. कचरा उचलला जाईना, मयतं घराघरांत पडून, दुकानांवर माल संपल्याच्या खुणा लुकलुकायला लागल्या. आंबेबंदर म्हणजे आमच्या लॅपटॉपमधलं शहर. रत्नागिरीत जुलैचा पाऊस एकदा लागला की घराबाहेर पडायचा प्रश्नच येत नाही, तेव्हा मी आणि भाचा 'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर वसवायचा खेळ लावून बसतो. मधोमध खाडी, अलीकडे महामार्ग नि कारखाने, पलीकडे घरं आणि बाजार. खाडीवर पूल एकच. तो मी चौपदरीचा सहापदरी करून टाकला. पैसे गेले, रांग होती तेवढीच राहिली.

भाचा म्हणाला, "मामा, पुलाचं राहू दे. तो ट्रक आहे ना, त्याच्यावर क्लिक कर."

केलं. ट्रक शहराबाहेरून माल घेऊन आलेला, आणि पूल उतरताक्षणी डावीकडे बाजारात वळणार होता. त्याच्या पुढचाही तिथेच. त्याच्या पुढचाही. पुलावरच्या तीन लेनपैकी दोन मोकळ्या ढणढणीत, आणि डावीतली शेपटी खाडी ओलांडून पार कारखान्यांपर्यंत. दुखणं पुलाचं नव्हतंच, पायथ्याच्या त्या एका वळणाचं होतं.

पुढे लिहिलंय ते अशी तीन-चार शहरं बुडवून शिकलेलं आहे. खेळ म्हणजे फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर कंपनीने मार्च २०१५मध्ये आणलेला पहिला भाग. दुसऱ्या भागाबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी गाडीचं डोकं समजून घ्या

रस्ता आखायच्या आधी हे कळलं पाहिजे, कारण बाकी सगळं यातूनच निघतं. या खेळातली गाडी घरातून निघतानाच पूर्ण मार्ग ठरवते. रस्त्याची लांबी आणि त्यावरची वेगमर्यादा बघून कमीत कमी वेळाचा मार्ग निवडते. वाटेत गर्दी किती आहे याचा हिशेब ती जवळजवळ करतच नाही. आपण हातखंब्याला रांग दिसली की कुठून तरी आतल्या रस्त्याने घालतो, तसा शहाणपणा तिला नाही. एकदा निघाली की निघाली.

दुसरी खोड लेनची. पुढे डावीकडे वळायचं असेल तर ती बरंच आधी डावी लेन धरते आणि सोडत नाही. म्हणून सहापदरी रस्त्यावरही एकाच लेनमध्ये मुंगीची रांग दिसते. लेन वाढवून हे सुटत नाही. सगळ्यांना एकाच ठिकाणी वळायला लागू नये, अशी सोय केली तर सुटतं.

आणि फार वेळ अडकलेली गाडी खेळ गुपचूप गायब करून टाकतो. वरवर बघता ती मेहेरबानी वाटते, पण त्या गायब झालेल्या ट्रकमधला माल दुकानाला मिळत नाही. रस्ता मोकळा दिसतोय आणि दुकानं माल नाही म्हणून ओरडतायत, असं झालं तर हेच कारण असायची शक्यता मोठी.

नकाशा वाचणे

नवा खेळ सुरू करताना डावीकडून वाहतुकीचा पर्याय असतो, तो टिकमार्क करून घ्या. नाहीतर प्रत्येक वळणाला डोक्यात उलटं-सुलटं करत बसाल.

मग घड्याळ थांबवा आणि एक पैसाही न खर्चता नकाशा बघा. नकाशाचे २५ चौकोन असतात, साधारण दोन-दोन किलोमीटर बाजूचे, आणि त्यातले ९च आपल्याला विकत घेता येतात. कोकणासारखा नकाशा घेतलात, म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे खाड्या, तर सपाट जमीन अगदीच बेताची मिळते. वहीचं पान घ्या. महामार्ग कुठून आत येतो, रेल्वे कुठून जाते, जहाजांचा मार्ग किनाऱ्याच्या किती जवळून जातो, या तीन रेघा काढा. जहाजांचा मार्ग नकाशातच ठरलेला असतो, तेव्हा बंदराची जागा तुम्ही ठरवत नाही, तो मार्ग ठरवतो.

मग खाडी काढा, आणि ती कुठे कुठे ओलांडणार तिथे फुल्या मारा. निदान तीन. घरं, बाजार, कारखाने यातलं काही मांडायच्या आधी या फुल्या पक्क्या व्हायला हव्यात, कारण या असल्या जमिनीवर शहराचा आकार या फुल्याच ठरवतात.

फुल्या कुठे मारायच्या याचं उत्तर आपल्या मुंबई-गोवा महामार्गात आहे. तो समुद्राला धरून जात नाही. महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर असा आतून जातो, जिथे नद्यांची पात्रं अरुंद आहेत. किनाऱ्यावर खाडीचं तोंड एवढं रुंद की दाभोळहून समोर धोपावे डोळ्यांना दिसतं, पण फेरीबोट नसती तर गाडीने केवढा तरी वळसा पडला असता. खेळात रुंद खाडीवरही पूल बांधता येतो, पैसे लागतात एवढंच. तरी धडा घेण्यासारखा आहे: लांबची, जलद वाहतूक आतून, खाडी जिथे निमुळती होते तिथून न्या. खालच्या अंगाचे पूल गावातल्या गावात ये-जा करणाऱ्यांसाठी ठेवा.

उतरंड

रस्त्यांची उतरंड मांडायची. मडक्यांची मांडतात तशीच, मोठं खाली, लहान वर, आणि मधलं मडकं गाळायचं नाही. खेळात साध्या दुपदरी रस्त्याला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, चौपदरीला ५०, सहापदरीला ६० आणि महामार्गाला १००. गाडी वेळ बघून मार्ग निवडते हे आठवा: म्हणजे हे आकडे म्हणजेच तुमच्या हातातला लगाम. जिथून रहदारी जायला हवी तिथे वेग जास्त द्या, जिथून नको तिथे कमी.

घरासमोरचा रस्ता दुपदरी. असे पाच-सहा रस्ते एका चौपदरीला मिळतात. असे दोन-तीन चौपदरी एका सहापदरीला. आणि सहापदरी जाऊन महामार्गाच्या रॅम्पला. घरासमोरचा रस्ता थेट सहापदरीला कधीही जोडू नका. मोह फार होतो, कारण सहापदरीच्या कडेला घरांसाठी, दुकानांसाठी चौकोन फुकट मिळतात. (रस्त्याच्या प्रत्येक बाजूला चार चौकोन खोल, आणि असा एक छोटा चौकोन म्हणजे आठ मीटर.) पण तिथे दुकान बसलं की ट्रक त्याच लेनमध्ये उभा राहणार. आपल्याकडे महामार्गाला जागोजाग प्रत्येक वाडीचा रस्ता येऊन भिडतो, तिथे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

चौकाऐवजी तिठे करा. हा सल्ला मी कुठल्याही शहराला देतो. चार रस्ते मिळतात तिथे गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदण्याच्या, मिळण्याच्या, फुटण्याच्या ३२ जागा तयार होतात. तिठ्यावर ९. समोरासमोरचे दोन रस्ते जरा सरकवून दोन तिठे केले तरी एका चौकापेक्षा परवडतं, फक्त दोन्हींमध्ये अंतर पुरेसं हवं. अगदी चिकटून ठेवलेत तर एकाची रांग दुसऱ्याच्या तोंडात जाते.

डोंगरउतारावर सरळ रेघ मारू नका. उताराला आडवा, वळसे घेत रस्ता न्या, म्हणजे दोन्ही बाजूंना घरं बसायला जागा राहते. सरळ वर चढवलात तर खेळ एकतर नको म्हणतो, किंवा भराव घालून असा बांध उभा करतो की त्याकडे बघवत नाही. डोंगर आडवाच आला तर पेज डाउन दाबून बोगदा काढा. महाग पडतो, पण वरची जमीन शाबूत राहते.

पूल

आता मुख्य गोष्ट. पूल बांधताना स्वतःला विचारायचं: यावरून कोण जाणार? उत्तर "सगळे" असं आलं तर पूल बांधू नका.

आंबेबंदरात आम्ही शेवटी तीन ओलांडण्या केल्या. वरच्या अंगाला महामार्ग: एकेरी तीन-तीन लेनचे दोन पूल, ज्यांना शहरात कुठेही चौक नाही, फक्त खाली उतरणारे रॅम्प. मधला जुना पूल कार आणि बसला. आणि खाली बाजाराजवळ फक्त चालणाऱ्यांसाठी एक. पलीकडच्या घरांच्या भागात अवजड वाहतूक बंदीचं धोरण लावलं, म्हणजे ट्रक गल्लीबोळात शिरणं थांबलं. हे धोरण सगळ्या शहराला लावू नका, एखाद्या भागालाच लावा, आणि त्या भागात दुकानं असतील तर अजिबात नको.

रॅम्पचं गणित नीट करा. महामार्ग तीन लेनचा. बाहेर पडणारा रॅम्प एका लेनचा. रॅम्प फुटल्यावर पुढचा तुकडा दोन लेनचा करा. पुढे शहरातून आत येणारा रॅम्प मिळाला की परत तीन. आलेल्या प्रत्येक लेनला पुढे आपली जागा हवी आणि कुठल्याही दोन लेनना एकात घुसायला लागू नये. तीन लेन पुढेही तीनच ठेवल्या तर बाहेर पडणारे आणि सरळ जाणारे शेवटच्या क्षणी एकमेकांच्या अंगावर येतात. बाहेर पडणारा रॅम्प आधी, आत येणारा नंतर. हा क्रम उलटा झाला की आत येणाऱ्याला बाहेर पडणाऱ्यांमधून वाट काढावी लागते, आणि तिथेच गाठ बसते.

पुलाचं टोक आणि पहिला चौक यांच्यात निदान दोन पूर्ण ब्लॉक मोकळे सोडा. आमची खरी चूक हीच होती. तिथे मोकळी जागा वाया गेल्यासारखी वाटते, म्हणून हात शिवशिवतात आणि माणूस बाजार वसवून टाकतो. खाडीच्या काठावर जमीन मोलाची, कबूल. पण पुलाच्या तोंडाशी नको.

गोल सर्कल तयारही मिळतं आणि हातानेही करता येतं, एकेरी रस्त्याने. आत फिरणाऱ्या गाड्यांना प्राधान्य द्या: खेळात मुख्य रस्ता ठरवता येतो, आणि वाहतुकीचा माहिती-नकाशा उघडला की खेळाने आपणहून बसवलेले सिग्नल काढता येतात. मोठे रस्ते मिळतात तिथे खेळ सिग्नल बसवतोच, आणि निम्मे सिग्नल नुसते अडथळा असतात. मी नवा चौक झाला की आधी सिग्नल काढतो, आणि गरज दिसली तरच परत लावतो.

माल

गर्दीतला मोठा वाटा माणसांचा नसतो, ट्रकचा असतो. कारखाना कच्चा माल मागवतो, तयार माल दुकानाला पाठवतो, उरलेला शहराबाहेर. कारखान्याला शहरात गिऱ्हाईक मिळालं नाही की सगळं बाहेर जातं, आणि दुकानाला शहरात माल मिळाला नाही की सगळं बाहेरून येतं. दोन्ही वेळा तो ट्रक महामार्गाच्या त्याच एका तोंडाशी उभा. तेव्हा कारखान्यांना महामार्गाला जोडणारा स्वतःचा रॅम्प द्या, घरांच्या रस्त्याशी संबंध नसलेला. आत यायला एक, बाहेर पडायला दुसरा दिलात तर आणखी बरं.

खाडीपार माल न्यायचा असेल तर मालगाडी. कोकण रेल्वेवर १९९९पासून रोरो चालते, म्हणजे भरलेला ट्रकच्या ट्रक वॅगनवर चढवून नेतात आणि घाटरस्त्यावरचा तेवढा भार हलका होतो. खेळात ट्रक वॅगनवर चढत नाही, पण हिशेब तोच. खाडीच्या अलीकडे कारखान्यांजवळ एक मालस्थानक आणि पलीकडे बाजाराजवळ दुसरं बांधलंत, तर शहरातल्या शहरात माल रेल्वेने जायला लागतो आणि पुलावरचे ट्रक कमी होतात.

इथे एक खड्डा आहे आणि जवळजवळ सगळे त्यात पडतात. बाहेरून येणाऱ्या मालगाड्या बऱ्याचदा अर्ध्या रिकाम्या असतात, पण येतात मात्र रांगेने. त्याच रुळांवर प्रवासी गाडी ठेवलीत तर ती मालगाड्यांच्या मागे उभी. कोकण रेल्वे बरीचशी अजून एकेरी आहे. आडवलीला किंवा विलवड्याला क्रॉसिंगसाठी अर्धा-पाऊण तास काढलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. तेव्हा मालाचे रूळ वेगळे, प्रवाशांचे वेगळे, आणि दोन्ही फक्त नकाशाच्या टोकाशी, बाहेरच्या जोडणीजवळ एकत्र. मालस्थानकाच्या दारात सिग्नलवाला चौक नको. सुटलेले ट्रक एका दमात मोठ्या रस्त्याला लागले पाहिजेत.

माणसं

बस ३० जणांची, मेट्रो १८० जणांची, रेल्वे २४०. आकडे बघून माणूस थेट मेट्रोकडे धावतो आणि पैसे संपवून बसतो. बसपासून सुरुवात करा. मार्ग आखडता ठेवा: आठ-दहा थांबे, वर्तुळाकार, एका भागातून निघून एखाद्या मोठ्या थांब्याला येऊन परत. सगळ्या शहराला प्रदक्षिणा घालणारा बसमार्ग आखलात तर सगळ्या बसगाड्या एका ठिकाणी गोळा होतात आणि पुढचे थांबे ताटकळत राहतात. थांबा चौकाच्या तोंडाशी देऊ नका, दोन चौकांच्या मधे द्या.

स्थानक कुठे बांधायचं हा सवाल कोकणातल्या माणसाला वेगळा पडतो. आमचं रत्नागिरी स्थानक गावाबाहेर आहे, कारण रेल्वेला डोंगराच्या कुशीतून जायचं होतं, गावातून नाही. सावंतवाडीचं तसंच. रात्री अडीचला उतरलेला चाकरमानी सामान घेऊन रिक्षावाल्याशी भाव करतो, ते याचमुळे. खेळातही रेल्वे बहुतेक वेळा कडेनेच जाते, आणि स्थानक कडेला ठेवणं चूक नाही. चूक होते ती स्थानक बांधून तिथून बस न सोडण्यात. स्थानकाच्या दारातच बसचा मोठा थांबा द्या, दोन-तीन मार्ग तिथेच फिरवा. शहराबाहेरच्या गाड्यांना त्याच स्थानकात येऊ दिलंत तर पर्यटक इतके उतरतात की थांब्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून बाहेरच्या गाड्यांना वेगळं स्थानक आणि गावातल्या लोकलला वेगळं.

फेरीबोट २०१७च्या 'मास ट्रान्झिट' या जोडभागात आली. ती बघून मला फार आनंद झाला आणि लगेच हिरमोड. वेश्वी-बागमांडला किंवा जयगड-तवसाळच्या जेटीवर आपण जीपसकट चढतो. खेळातली फेरी फक्त माणसं नेते, गाड्या नाही. म्हणजे पुलाला पर्याय म्हणून ती धरू नका. पण खाडीच्या दोन्ही काठांना वस्ती आणि बाजार समोरासमोर असेल तर ती पुलावरच्या कारगाड्या कमी करते, कारण या खेळातली माणसं सोय असली तर आनंदाने चालतात आणि बोटीतही बसतात.

चालण्यावरून आठवलं. हे लोक पायवाट दिसली की गाडी काढतच नाहीत. म्हणून डोंगरावरच्या वस्तीतून खालच्या बाजारापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, द्या. गल्लीच्या टोकाला जिथे रस्ता संपतो तिथून पुढच्या गल्लीला जोडणारी पायवाट, ओढ्यावर साकव, सहापदरी रस्त्यावर पादचारी पूल. खर्च नसल्यात जमा आणि गुण मोठा. रुंद रस्त्यावरचं पायी ओलांडणं चौकाला केवढं अडवतं ते पादचारी पूल टाकल्यावरच कळतं.

बिघाड शोधायचा कसा

वाहतुकीच्या माहिती-नकाशात लाल रस्ता दिसला की तो रुंद करायची घाई नको. लाल रस्ता हे बऱ्याचदा लक्षण असतं, कारण पुढच्या चौकात असतं. रांगेच्या डोक्याशी जा, शेपटीशी नाही. तिथे मार्ग दाखवणारा माहिती-नकाशा उघडून त्या रस्त्याच्या तुकड्यावर क्लिक करा. तिथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा उगम आणि मुक्काम रंगीत रेघांनी दिसतो. बहुतेक रेघा एकाच ठिकाणी जात असतील तर तिथे पोचायला दुसरी वाट काढा. रेघा सगळीकडे पसरलेल्या असतील तर तो रस्ता खरोखरच कमी पडतोय, मग रुंद करा.

एका वेळी एकच बदल. मग खेळ जलद करून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. निघालेल्या गाड्या जुनाच मार्ग धरून असतात, लगेच फरक दिसत नाही. भाच्याला हे पटत नाही. तो दहा बदल एकदम करतो, आणि मग कशाने बिघडलं ते दोघांनाही सांगता येत नाही.

रुग्णवाहिका, कचरागाडी, शववाहिका अडकत असतील तर त्यांची ठाणी खाडीच्या दोन्ही बाजूंना हवीत. एका बाजूच्या ठाण्याच्या गाड्या दुसऱ्या बाजूला जातात, पण पुलावर अडकल्या की कामाला येत नाहीत. आणि एकदम मोठा भाग घरांसाठी खुला केलात तर तिथे एकाच वयाचे लोक राहायला येतात आणि पुढे एकदमच मरतात. मग शववाहिकांचीच कोंडी होते. घरं थोडी थोडी खुली करा.

संगणकावर खेळत असाल तर 'ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन' हा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली जोड, घ्या. लेन कुठून कुठे जोडायची ते हाताने ठरवता येतं आणि अडकलेल्या गाड्या गायब होणं बंद करता येतं. मॉड नसताना मात्र आधी शिका, नाहीतर चुकीचा रस्ता लेनच्या जुगाडाने झाकायची सवय लागते.

दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ला आला. त्यात माणूस वेळेबरोबर पैसा आणि आरामाचाही हिशेब करून मार्ग निवडतो, आणि गाडी लावायला जागा नसेल तर तीही अडचण होते. उतरंड, तिठे, पुलाचं टोक मोकळं ठेवणं, हे तिथेही तसंच लागू पडतं.

आंबेबंदरात बाजार पुलापासून दोन ब्लॉक मागे सरकवला तेव्हा काठाला एक लांबट पट्टी उरली. भाच्याने तिथे माड लावले, एक बाक ठेवला. संध्याकाळी त्यावर खेळातली दोन माणसं येऊन बसतात. तिकडे कधी नवा बसथांबा द्यायचा विषय काढला तर तो माझ्या हातातून माउस काढून घेतो.